बटण कोणी दाबलं?

माझे भावोजी एक्स-रे काढतात. सरकारी दवाखान्याच्या तळघरात, जिना उतरून डावीकडे वळलं की लाल दिव्याचं दार लागतं, त्याच्या आत त्यांची आजवरची सगळी नोकरी झाली. आलेल्या माणसाला थंड फळीवर आडवं करायचं, मोडका हात हवा तसा वळवायचा, आपण भिंतीआड जायचं आणि तिथून सांगायचं, "श्वास घ्या. धरा." मग पुष्कळ वेळानं, "सोडा." या दोन शब्दांच्या मध्ये ते इतका वेळ घेतात की लोकांनी त्यांचं आडनावच श्वासधरे करून टाकलंय. हात वळवताना माणूस कळवळला तर म्हणतात, "आपल्याला त्रास होतोय याची मला कल्पना आहे. सहकार्याबद्दल आभारी आहे." आणि आणखी वळवतात. आवाज चढवणं त्यांना माहीतच नाही. मला विचाराल तर शिव्या देणारा माणूस परवडला. शिवी देणाऱ्याला समोर कुणीतरी आहे एवढं तरी दिसत असतं.

मी फ्रेमवाला. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. काच कापायची, पट्ट्या कापायच्या, चौकटी ठोकायच्या. श्वासधऱ्यांची बायको ही माझी थोरली बहीण. ताईनं माझं बोट धरून मला शाळेत नेलंय, माझ्यासाठी मार खाल्लाय. तेव्हा तिच्या नवऱ्याबद्दल मी फार गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

तर सगळ्यांनी मिळून लिहायचा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश असतो ना, तिथे भावोजी फार मोठे माणूस आहेत. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं दुरुस्त करावं, एका पैशाची अपेक्षा ठेवू नये, असा तो कारभार. पण कुणीही यायचं म्हटल्यावर कुणीतरी दारात काठी घेऊन बसावं लागतं, आणि ती काठी भावोजींना मिळाली. त्याला तिथे प्रचालक म्हणतात. चुकीचं लिहिलेलं ते पुसतात, चोरीची चित्रं उडवतात, ऐकत नाही त्याला तडीपार करतात. आणि हे सगळं अतिशय आदबीनं. तिथल्या शिष्टाचाराची पोथी त्यांना तोंडपाठ. समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चाला. आधी चर्चा, मग बदल. कुणी केलेला बदल पटला नाही तर मागे फिरवा, पण एकाच दिवसात पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका.

ही पोथी घरातही चालायची. ताईनं एकदा स्वयंपाकघरातले डबे हलवले. वर हात पुरत नव्हता म्हणून मीठ-साखर खाली आणली आणि क्वचित लागणारं सामान वर चढवलं. संध्याकाळी भावोजींनी सगळे डबे होते तिथे नेऊन ठेवले आणि म्हणाले, "चर्चा न करता मोठा बदल केलास. हेतू चांगला होता, मान्य आहे." ताईनं दुसऱ्या दिवशी परत खाली आणले. त्यांनी परत वर नेले. तिसऱ्यांदा तिनं हात लावला नाही, स्टूल आणलं. आम्ही तेव्हा हसलो होतो.

त्यांचा खरा हातखंडा चित्रांत. लोकांची एक भाबडी समजूत असते की फोटोत मी आहे, म्हणजे फोटो माझा. किंवा फोटो माझ्या कपाटात आहे, म्हणजे माझा. भावोजी म्हणायचे, "फोटो ज्यानं काढला त्याचा. बाकी सगळे पाहुणे." कायदाही तेच सांगतो म्हणे. मग कुणी चित्र चढवलं आणि 'स्वतःचे काम' असं लिहिलं की ते एकच प्रश्न टाकायचे: बटण कोणी दाबलं?

सर्कशीत झुल्यावर काम करणाऱ्या एका बाईवर कुणीतरी लेख लिहिला होता. तिच्या मुलानं आईचा एकुलता एक फोटो चढवला. उंच झुल्यावर उलटी लटकलेली, हात पसरलेली आई. खाली जाळीशेजारी तो स्वतः, तान्हा, कुणाच्या तरी कडेवर. भावोजींनी विचारलं, बटण कोणी दाबलं? तो म्हणाला, सर्कशीतल्याच कुणीतरी, आता कुणी उरलेलं नाही, आई तर पडूनच गेली. भावोजींनी लिहिलं, 'आपल्या दुःखात सहभागी आहे. आपण चित्रात दिसत आहात, तेव्हा ते आपण काढलेले नाही. आपल्या योगदानाबद्दल आभार.' आणि फोटो उडवला. तो मुलगा बरेच दिवस लिहीत राहिला. मोठ्या अक्षरांत लिहिलं तेव्हा भावोजींनी त्याला कळवलं की मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं, आणि ते इथे बसत नाही. ही हकिगत त्यांनी मला स्वतः सांगितली, चहा पिता पिता, एखादा हट्टी सांधा बसवल्याच्या समाधानानं.

आता मुलीचं सांगतो. त्यांना एकच मुलगी. अकरा वर्षांची असताना तिला चाई लागली. डोक्यावर गोल चट्टे पडून केस जातात, तो रोग. आधी कानामागे एक चट्टा, मग टाळूवर, मग डावी भुवई पार नाहीशी. पोरगी शाळेत रुमाल बांधून जायची आणि रुमाल ओढला म्हणून रडत यायची. ताईनं डॉक्टर केले, औषधं केली. भावोजींनी कॅमेरा काढला.

तो फोटो फार चांगला आहे, हे मी फोटोंच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. खिडकीतला उजेड, मागे करडी चादर, आणि रुमाल नसलेलं पोरीचं डोकं. खालून कुणाचा तरी अंगठा हनुवटी वर धरतोय, आणि ती सरळ आपल्याकडे बघतेय. रडून झालेलं आहे, परत रडायचं बाकी आहे. ज्ञानकोशातल्या 'चाई' या लेखात तो पहिलाच लागतो. खाली लिहिलेलं, 'स्वतःचे काम. रुग्ण: माझी मुलगी.' शिवाय त्यांनी तो मुक्त करून टाकला होता. म्हणजे कुणीही घ्यावा, कापावा, छापावा, विकावा, फक्त काढणाऱ्याचं नाव खाली द्यावं. एकदा मुक्त केला की परत घेता येत नाही, हीही तिथली अटच.

त्या फोटोला तिथे मानाचं पान मिळालं. देशोदेशीच्या पुस्तकांत तो गेला. अनोळखी आया लिहायच्या की आमच्या लेकीला हेच झालंय, तुमच्या फोटोमुळे कळलं. हे खोटं नाही, लोकांचं भलं झालं असेल. भावोजी तो फोटो मोठा छापून माझ्याकडे चौकटीत बसवायला घेऊन आले. मी पट्टी संपली म्हणून सांगितलं. त्यांनी दुसरीकडून बसवून घेतला आणि हॉलमध्ये संगणकाच्या वर टांगला. भाची येता-जाता तो भिंतीकडे तोंड करून ठेवायची. ते सरळ करायचे.

पुढे तिचे केस आले, दाट आले, भुवई आली. शिकली, आणि चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. नंबर तपासायचा, चौकट निवडून द्यायची, दांड्या कानामागे नीट बसवायच्या. हात हलका, बोलणं गोड. गिऱ्हाईक तिचं नाव घेऊन यायला लागलं. पोरीचं बरं चाललं होतं.

मग दुकानासमोरच्या बसथांब्यावर केसांच्या तेलाची जाहिरात लागली. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. 'नंतर'मध्ये कुणी भलतीच केसाळ बाई हसत होती. 'आधी'मध्ये माझी भाची, अकरा वर्षांची, माणसाच्या उंचीची. दुकानाला सबंध काचेचं दार आहे. ती गल्ल्यामागे उभी राहिली की समोर तीच. दुकानात चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर म्हणाला, "ही डिट्टो तुझी धाकटी बहीण." तिला बहीण नाही हे त्याला ठाऊक होतं. कुणीतरी ज्ञानकोश उघडून खालचं नाव वाचलं आणि दुपारपर्यंत सगळ्या दुकानाला कळलं. मालकानं आत बोलावून विचारलं, "परत होत नाही ना ते? नाही, गिऱ्हाईक अगदी जवळून बघतं, म्हणून विचारलं."

तिनं तेलवाल्यांना फोन केला. तिथली बाई गोड बोलली. "मॅडम, फोटो रीतसर आहे. खाली नाव दिलंय बघा." नाव होतं, मुंगीएवढ्या अक्षरात, तिच्या बापाचं. "मूळ ठिकाणाहून तो निघाला तर आम्हीही काढू. आम्हाला भानगड नको." म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं. ज्ञानकोशातून तो फोटो गेला पाहिजे.

भाची रागातच होती. तिनं तिथे एका टोपणनावानं खातं उघडलं आणि चाईच्या लेखातून फोटो काढून टाकला. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो परत आला. सोबत निरोप, 'नवीन सदस्याचे स्वागत! आपला प्रयोग यशस्वी झाला, तो मागे फिरवला आहे.' तिनं परत काढला. परत आला, जरा कडक निरोप घेऊन. तिनं तिसऱ्यांदा काढला आणि त्या जागी लिहिलं, 'हिला विचारलं होतं का?' त्यावर तिला तडीपार केल्याचं पत्र आलं. कारण: उत्पात.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. ताई ताटं मांडता मांडता म्हणाली, "आज तुम्ही कुणाला हाकलून दिलंत, ठाऊक आहे? समोर बसलीय ती."

भावोजींचा घास थांबला नाही. "मी सदस्य बघत नाही. संपादन बघतो."

"बाबा, मला तो फोटो नकोय," भाची म्हणाली.

"तुझी भावना मी समजू शकतो. पण मुक्त केलेली गोष्ट परत घेता येत नाही. मी नियम मोडला तर इतरांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"मी कुठे मुक्त केला होता?"

"तू फोटोत आहेस, बाळ. फोटो तुझा नाही."

मी म्हटलं, "भावोजी, पोरगी रोज समोर बघतेय तो. तिच्या पोटावर पाय येईल."

"तू जरा भावनेच्या भरात बोलतोयस," ते म्हणाले आणि मला पाण्याचा तांब्या सरकवला. आठवडाभरात भाची मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. भावोजींनी तिला सामान बांधायला मदत केली. दोऱ्या अगदी घट्ट बांधल्या.

वसतिगृहात गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, "मामा, तुला फोटोतलं कळतं. यात काही खोट निघते का बघ ना."

मी काच पुसायच्या फडक्यानं हात पुसले आणि फोटो मोठा करून बघायला लागलो. उजेड बघितला, चादर बघितली, आणि मग तो अंगठा. नख मधोमध चिरलेलं, काळं. एक्स-रेची जड पट्टी अंगठ्यावर पडून ते तसं झालं होतं. दवाखान्यात कुणीही ओळखेल.

"हा अंगठा बाबांचा ना?"

"हो. मला हलू देत नव्हते."

"ते तुझ्यासमोर तुझी हनुवटी धरून बसलेत. मग बटण कोणी दाबलं?"

तिनं मोबाइल ओढून घेऊन अंगठा परत बघितला. मग आम्ही दोघंही हसलो, वेड्यासारखे. तिथूनच तिनं ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "अगं मीच दाबलं. ते म्हणाले, मी धरतो, तू दाब. तू रडत होतीस, माझे हात थरथरत होते, पहिला हलला. दुसरा बरा आला." मग म्हणाली, "का गं? काय झालं?"

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. सर्कशीतल्या मुलाला जो नियम लावला, तोच लावला तर हा फोटो भावोजींचा नव्हताच. इतकी वर्षं 'स्वतःचे काम' म्हणून मिरवला तो ताईचा फोटो होता, आणि ताईनं तो कधी कुणाला दिलेला नव्हता. त्यांच्या ध्यानात आलं नसेल का? मला वाटतं, खरंच आलं नसेल. घरात बटण दाबायला बायको असते, स्टूल धरायला बायको असते. त्यात कसला हक्क, असंच त्यांना वाटलं असणार.

भाचीनं या वेळी पोथीप्रमाणे केलं. तडीपारीची मुदत संपेपर्यंत थांबली, मग चर्चेच्या पानावर शांतपणे लिहिलं, खाली सही केली, अंगठ्याकडे बोट दाखवलं. तिथे घुबड या नावाचा दुसरा एक प्रचालक आहे, कुठल्या गावचा कुणास ठाऊक. तो भावोजींच्याही वरताण. त्यानं फोटो बघितला आणि भावोजींना विचारलं, हात आपला आहे काय? भावोजींनी कबूल केलं. घुबडानं निकाल दिला. छायाचित्र काढणाऱ्या बाईंनी स्वतःच्या ईमेलवरून लेखी परवानगी पाठवावी, आठवड्याची मुदत. नाही आली तर चित्र उडेल. आणि 'स्वतःचे काम' म्हणून आपण चढवलेली बाकीची चित्रंही मग तपासावी लागतील.

संध्याकाळी भावोजींनी संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोसाठी चहा केला. ताईनं मला नंतर सांगितलं, लग्नापासूनचा तो पहिला. कप तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "एक छोटंसं ईमेल पाठवायचंय. मजकूर मी देतो."

"नाही पाठवणार."

"कारण कळेल का?"

"कारण-बिरण काही नाही. माझा फोटो आहे ना? मग नाही."

त्यांनी मान हलवली. "तुझ्या मताचा मी आदर करतो," म्हणाले, आणि कप विसळून ठेवला.

तो आठवडा ताईचा होता. आयुष्यभर जी नवऱ्यापुढे मूग गिळून बसली, ती एकदा नाही म्हणाली आणि कुणी मेलं नाही. माय-लेकी रोज फोनवर बोलायच्या. भाची सुट्टीला घरी आली, दुपारभर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. लहानपणी चाई लागल्यापासून तिनं डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. ताईनं तिचे केस विंचरले. हे सांगताना ताईचा चेहरा असा झाला होता की मी दुकानात उगीच दुसरीकडे बघायला लागलो.

मुदत संपायच्या दिवशी दुपारी फोटोच्या पानावर शिक्का आला. 'छायाचित्रकाराची लेखी परवानगी मिळाली व पडताळली.' भावोजींचं नाव खोडलं गेलं होतं. त्या जागी आलं होतं ताईचं, पूर्ण, माहेरच्या नावासकट.

भाची तडक घरी आली. मी तिच्या मागोमाग पोचलो, तर ती दारातच उभी होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"तू दिलीस?"

"काय दिलं?" ताईला खरंच कळलं नव्हतं.

"परवानगी. तुझ्या ईमेलवरून गेलीय."

"मी नाही गं. मला कुठे ते जमतं?"

"तो पत्ता मी तुला काढून दिलाय, आई. पासवर्ड तुला आणि मला, दोघींनाच माहितीय. मी पाठवली नाही. मग कोणी पाठवली?"

ताईनं हळूच भावोजींकडे बघितलं. आदल्या दिवशी विजेचं बिल ईमेलवर का येत नाही ते बघतो, असं म्हणून त्यांनी तिचा मोबाइल मागून घेतला होता आणि पासवर्ड विचारून घेतला होता. हे तिनं मला त्यानंतर सांगितलं. त्या क्षणी तिच्या सगळं लक्षात आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लक्षात आलं आणि तिचं तोंड मिटलं.

भावोजी खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "तिनं विचार करून दिली," ते म्हणाले. "त्या मुलींच्या आयांचा विचार केला. तिच्या निर्णयाचा मान ठेव."

"आई, हे खरं बोलतायत?"

मी म्हटलं, "ताई, बोल." परत म्हटलं, "अगं बोल की." ती बोलली नाही. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, ही तिची पोथी. ती कुणी लिहिलेली नाही, पण भावोजींच्या पोथीपेक्षा जुनी आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी बघितला, आणि मला तिचाही इतका राग आला की हात शिवशिवले. भाचीनं वाट बघितली, बरीच बघितली. मग "बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी माझ्या परीनं धडपडलो. ज्ञानकोशात खातं काढून लिहिलं की हे पत्र बनावट आहे. मला लिहिता लिहिता राग आला, अक्षरं मोठी झाली. घुबडानं उत्तर दिलं, पत्रव्यवहार गोपनीय असतो, पत्ता पडताळलेला आहे, एकदा दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. त्याखाली भावोजींनी स्वतः लिहिलं, 'सदर सदस्य नात्यातील असल्याने त्यांचे मत तटस्थ मानता येणार नाही. त्यांच्या भावनांचा आदर आहे.' मला तडीपार केलं. आणि घुबडानं भावोजींना मानाचा एक तारा बहाल केला, चूक प्रांजळपणे दुरुस्त केल्याबद्दल. तो तारा त्यांच्या पानावर लुकलुकतो.

मी त्यांना तोंडावर विचारलं, त्यांच्याच लाल दिव्याच्या दारात. "भावोजी, ते ईमेल तुम्ही पाठवलंत."

शिशाचा झगा चढवत ते म्हणाले, "समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चालावं." मग आत फळीवर झोपलेल्या कुणाला तरी म्हणाले, "धरा," आणि माझ्या तोंडावर दार लोटलं.

भाचीला मी सगळं सांगितलं. वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "मामा, तू तिचा भाऊ आहेस. तू तिचीच बाजू घेणार. तिनं तेव्हा एक शब्द बोलायचा होता. मी दारात उभी होते."

बसथांब्यावरची जाहिरात तशीच आहे. फक्त एक झालं. तेलवाले रीतसर लोक. मूळ ठिकाणी काढणाऱ्याचं नाव बदललं म्हणून त्यांनीही बदललं. आता त्या फोटोखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ताईचं नाव आहे. काचेच्या दारातून ते वाचता येत नाही. पण भाचीला ते तिथे आहे हे माहीत आहे.

ताई शेवटी बोलली. उशिरा, पण बोलली. हिंमत करून दुकानात गेली आणि गल्ल्यापुढे उभी राहून म्हणाली, "मी नाही गं दिली. त्यांनी माझा मोबाइल घेतला होता." भाचीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपल्याला चष्मा बघायचाय का?" अगदी गोड आवाजात. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. ताईला काय करावं सुचेना. ती हो म्हणाली.

तर मग भाचीनं आईचा नंबर काढला. पुढची ओळ वाचा, मागची वाचा, आता स्पष्ट दिसतं का. चौकट निवडून दिली. चार दिवसांनी चष्मा तयार झाला तेव्हा स्वतः तिच्या डोळ्यांवर चढवला, दांड्या कानामागे बसवल्या, केसांची एक बट बाजूला केली, गालाला दोन्ही हातांनी धरून चष्मा सरळ आहे ना ते बघितलं. "कुठे टोचत नाही ना?" तिनं विचारलं. ताई नाही म्हणाली. "काही त्रास झाला तर कधीही या. दुरुस्ती मोफत असते. धन्यवाद." हे सगळं तिनं बापाच्या आवाजात म्हटलं, असं ताई म्हणाली, आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून रडली.

पुढच्या महिन्यात ताई परत माझ्याकडे आली. चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "तुझ्याकडे पकड आहे ना? ही दांडी जरा वाकवून दे."

"चांगली तर आहे."

"हो. म्हणूनच."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, की असं किती दिवस चालणार, जाऊन पायावर डोकं ठेव तिच्या, नाहीतर नवऱ्याला सोड, काहीतरी कर. तिनं चष्मा माझ्याकडे सरकवला. "नीट करताना ती गालाला हात लावते," ती म्हणाली.

आता दर महिन्याला येते. मी पकड घेतो आणि दांडी वाकवतो. मोडणार नाही इतपतच. मोडली तर नवी द्यावी लागेल, आणि नवी दांडी बसवण्याचं काम दुसरा माणूस करतो.